ज्याचा हुकूम, त्याचा जबाब

काँगोच्या पूर्वेला, उत्तर किवू प्रांतात, वालिकाले नावाचा जंगलाने वेढलेला प्रदेश आहे. जमिनीखाली कथिलाचं खनिज, वर मातीचे रस्ते, आणि त्या रस्त्यांवर हक्क सांगणाऱ्या बंदूकधारी टोळ्या. ३० जुलै २०१० रोजी तीन गटांची माणसं मिळून लुवुंगी गावात शिरली. २ ऑगस्टपर्यंत, म्हणजे सलग चार दिवस, त्या रस्त्यावरच्या १३ गावांत त्यांचंच राज्य होतं. संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क कार्यालयाने नंतर जी मोजदाद केली, तिच्यात बलात्कार झालेल्यांची संख्या किमान ३८७ भरली. ३०० स्त्रिया, ५५ मुली, २३ पुरुष आणि ९ मुलगे.

तिथून सुमारे तीस किलोमीटरवर, किबुआ इथे, संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेचा तळ होता. तळावर भारतीय जवान होते. गावात फोनचं जाळं नव्हतं, आणि गावात नेमकं काय घडलं हे बाहेरच्यांना कळायला पुढे कित्येक दिवस गेले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये संयुक्त राष्ट्रांचे भारतीय अधिकारी अतुल खरे यांनी सुरक्षा परिषदेसमोर कबूल केलं की आमचीही कृती अपुरी पडली. एवढं स्पष्ट बोलणारे अधिकारी कमी असतात, म्हणून ते लक्षात ठेवायला हवं.

त्या तीन गटांपैकी एकाचा म्होरक्या न्ताबो न्ताबेरी शेका. आधी तो खनिजांच्या व्यवहारात होता, नंतर त्याने स्वतःचं सैन्य उभारलं. जानेवारी २०११मध्ये त्याच्या अटकेचं वॉरंट निघालं. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये तो वालिकालेतून संसदेच्या निवडणुकीला उभा राहिला. २०१७मध्ये तो स्वतःहून शांतिसेनेच्या स्वाधीन झाला, २०१८मध्ये गोमा शहरातल्या लष्करी न्यायालयात खटला उभा राहिला आणि २३ नोव्हेंबर २०२० रोजी त्याला जन्मठेप झाली. दहा वर्षांहून अधिक काळ गेला होता. लुवुंगीच्या बायका या काळात जबाब देत राहिल्या. आधी डॉक्टरला, मग तपास करणाऱ्यांना, मग वकिलाला, मग न्यायालयाला. कधी, कुठे, किती जण होते, अंगावर काय होतं, ओरडलात का. ज्याच्या नावाने ती टोळी ओळखली जात होती, त्याला पहिला खरा प्रश्न विचारायला मात्र आठ वर्षं लागली.

आपल्या भाषेत 'जबाब' हा शब्द दोन अर्थांनी चालतो. पोलिस ठाण्यात नोंदवतात तो जबाब, आणि ज्याच्या हाती कारभार आहे त्याने द्यायचा असतो तो जबाब. युद्धातल्या लैंगिक हिंसेची सगळी शोकांतिका मला या दोन अर्थांमधल्या अंतरात दिसते. पहिला जबाब पीडितेकडून पुन्हा पुन्हा घेतला जातो. दुसरा कुणी देतच नाही. माझं म्हणणं साधं आहे. सशस्त्र गटात ज्याचा हुकूम चालतो, त्याने या गुन्ह्याचा जबाब दिला पाहिजे. तो याच गुन्ह्याच्या नावाने दिला पाहिजे. आणि तो जबाब कोणत्याही तहाच्या टेबलावर विकला जाता कामा नये.

याला पहिला आक्षेप फार जुना आहे. 'युद्धात हे चालायचंच.' पुरुष, शस्त्र, रात्र आणि कायद्याचा अभाव एकत्र आले की बलात्कार होणारच, जसा पाऊस आला की चिखल होणारच. हे वाक्य वरवर वास्तववादी वाटतं, पण त्यात दोषी कुणीच उरत नाही. चिखलाला कोण शिक्षा देणार?

वास्तव या वाक्याच्या बाजूने नाही. अमेरिकी अभ्यासक एलिझाबेथ जीन वुड यांनी वर्षानुवर्षं एक अवघड प्रश्न लावून धरला: काही सशस्त्र गट बलात्कार का करत नाहीत? त्यांच्या उदाहरणांतलं एक आपल्या शेजारचं आहे. लिट्टेने काय केलं नाही? लहान मुलांच्या हाती बंदुका दिल्या, आत्मघाती पथकं तयार केली, सिंहली आणि मुस्लिम गावांत कत्तली केल्या, १९९०मध्ये उत्तर श्रीलंकेतल्या मुस्लिमांना जवळजवळ नेसत्या वस्त्रानिशी हाकलून दिलं. क्रूरतेत ती संघटना कुणाला मागे सरणारी नव्हती. तरीही शत्रुपक्षाच्या नागरिक स्त्रियांवर बलात्कार हा तिच्या लढण्याचा भाग नव्हता. अशा घटना विरळ होत्या, आणि त्याबद्दल संघटनेत कठोर शिक्षा होती. एल साल्वादोरच्या यादवीतल्या डाव्या बंडखोरांबद्दलही वुड यांचा निष्कर्ष असाच आहे. पेरूमध्ये सत्यशोधन आयोगाने २००३मध्ये अहवाल दिला, तेव्हा त्याने नोंदवलेल्या बलात्कारांपैकी सुमारे ८३ टक्के प्रकार सरकारी दलांच्या माथी आले. 'शायनिंग पाथ'सारखी निर्दय संघटना समोर असूनही.

यातून लिट्टेला चांगुलपणाचं प्रमाणपत्र मिळत नाही, मिळूही नये. एवढंच सिद्ध होतं की ज्या संघटनेत शिस्त आहे आणि जिच्या नेत्याने हे चालणार नाही असं ठरवलं आहे, तिथे ते थांबतं. जे थांबवता येतं, ते होऊ देणं हाही निर्णय असतो. निर्णय आला की निर्णय घेणारा आला, आणि तो आला की त्याला जाब विचारता येतो.

मग पुढचा, अधिक गंभीर आक्षेप येतो. नेत्याने 'जा आणि बलात्कार करा' असा हुकूम दिला होता, हे कुठे दिसतं? बहुतेक वेळा दिसत नाहीच. डारा के कोहेन यांनी १९८० ते २०१२ या काळातल्या ९१ यादवी युद्धांचा अभ्यास केला. त्यांना आढळलं की जे गट माणसं पळवून, धाकदपटशाने भरती करतात, त्यांच्यात सामूहिक बलात्काराचं प्रमाण जास्त असतं. एकमेकांना न ओळखणारी, एकमेकांवर विश्वास नसलेली, घरातून ओढून आणलेली पोरं. त्यांना एकत्र बांधायला टोळीजवळ ना विचार असतो ना पगार. मग एकत्र केलेला गुन्हाच त्यांना बांधतो. परतीचा रस्ता बंद होतो, आणि जो मागे राहतो तो भेकड ठरतो.

हे वाचल्यावर कुणी म्हणेल, बघा, म्हणजे हे खालून येतं, वरून नाही. मला उलट वाटतं. मुलं पळवून सैन्य उभारायचं कुणी ठरवलं? त्या पोरांना पगाराऐवजी लूट आणि लुटीत बाईही, हा रिवाज कुणी चालू दिला? पहिल्या गावानंतर कुणालाच शिक्षा झाली नाही, हे पाहून दुसऱ्या गावात काय होणार हे कुणाला कळायला हवं होतं? हुकूम नेहमी तोंडाने दिला जात नाही. पाहून न पाहिल्यासारखं करणं हा युद्धातला सगळ्यांत स्वस्त आणि सगळ्यांत स्पष्ट हुकूम आहे, आणि बंदूकधारी पोराला तो बरोबर ऐकू येतो.

कायद्यालाही हे उशिरा का होईना कळलं. १९४९च्या चारही जिनिव्हा करारांत तिसरं कलम समान आहे. देशांतर्गत संघर्षातल्या 'प्रत्येक पक्षा'वर ते बंधन घालतं. सरकारवर आणि बंडखोरांवरही. 'आम्ही त्या करारावर सही केली नव्हती' हा बचाव तिथे चालत नाही, आणि चालू नये. जो गट एखाद्या प्रदेशात कर गोळा करतो, रस्ते अडवतो, लोकांच्या जगण्यामरण्याचे निर्णय घेतो, त्याने सत्तेचे फायदे घ्यायचे आणि सत्तेची जबाबदारी तेवढी नाकारायची, हे कुठल्याच न्यायबुद्धीला पटणारं नाही.

पण कायदा पुस्तकात असणं वेगळं आणि न्यायालयात उभा राहणं वेगळं. तो उभा कसा राहिला, याची एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. रवांडातल्या १९९४च्या वंशसंहारानंतर ताबा गावाचा प्रमुख ज्याँ-पॉल अकायेसू याच्यावर आंतरराष्ट्रीय लवादापुढे खटला चालला. मूळ आरोपपत्रात बलात्काराचा आरोपच नव्हता. सुनावणीत एक साक्षीदार बाई दुसऱ्याच कशाबद्दल सांगत असताना आपल्या मुलीवर काय झालं ते बोलून गेली. त्या पीठावर एकच स्त्री न्यायाधीश होत्या, नवी पिल्ले, दक्षिण आफ्रिकेतल्या दर्बानच्या, तमिळ मुळाच्या. पीठाने तो धागा सोडला नाही, प्रश्न विचारले. आणखी साक्षी आल्या. १९९७मध्ये आरोपपत्र बदललं, आणि २ सप्टेंबर १९९८च्या निकालाने बलात्कार हे वंशसंहाराचं साधन असू शकतं असं पहिल्यांदा ठरवलं. अकायेसूने स्वतः कुणावर बलात्कार केला असं सिद्ध झालेलं नव्हतं. त्याच्या अधिकाराच्या जागेत, त्याच्या डोळ्यांदेखत, त्याच्या शब्दांनी चेतवलेल्या टोळ्यांनी ते केलं होतं. तेवढं पुरेसं ठरलं.

या गोष्टीतला मला हलवणारा भाग हा की सगळी कलाटणी एका विचारलेल्या प्रश्नाने मिळाली. त्या बाईजवळ जबाब पहिल्यापासून होता. विचारणारं कुणी नव्हतं.

पुढे रोम संविधीने, म्हणजे आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाच्या मूळ कायद्याने, २८व्या कलमात वरिष्ठाची जबाबदारी नेमकी लिहून काढली. माणसं त्याच्या प्रत्यक्ष ताब्यात होती का, गुन्हा घडतोय हे त्याला माहीत होतं किंवा माहीत असायला हवं होतं का, आणि तो थांबवायला किंवा दोषींना शिक्षा करायला त्याने आपल्या हातातलं सगळं केलं का. भारताने या संविधीवर सही केलेली नाही. पण यातली विचारसरणी कुणाही सामान्य माणसाला समजेल अशी आहे. धरणाची दारं ज्याच्या हातात, पुराचा प्रश्न त्याला.

या कलमाची खरी परीक्षा ज्याँ-पियेर बेम्बा यांच्या खटल्यात झाली. २००२च्या अखेरीस काँगोतल्या त्यांच्या बंडखोर सैन्याची माणसं नदी ओलांडून शेजारच्या मध्य आफ्रिकी प्रजासत्ताकात गेली. तिथल्या अध्यक्षांनी आपली खुर्ची वाचवायला त्यांना बोलावलं होतं. मार्च २००३पर्यंत त्यांनी तिथे लूट, खून आणि बलात्कार केले. मार्च २०१६मध्ये हेगमधल्या याच आंतरराष्ट्रीय न्यायालयाने बेम्बांना वरिष्ठ म्हणून दोषी ठरवलं. त्या न्यायालयाने बलात्कारासाठी दोषी ठरवलेला तो पहिला माणूस होता. १८ वर्षांची शिक्षा झाली. ८ जून २०१८ रोजी अपील पीठाने तीन विरुद्ध दोन मतांनी त्यांना निर्दोष सोडलं. परक्या देशात सैन्य असलेल्या दूरच्या सेनापतीने काय काय करणं शक्य होतं, याचा विचार खालच्या पीठाने नीट केला नाही, असं बहुमताचं म्हणणं पडलं. बेम्बा किन्शासाला परतले आणि २०२३मध्ये काँगोचे संरक्षणमंत्री झाले.

निकाल निकाल असतो. या आरोपांपुरते बेम्बा कायद्याच्या दृष्टीने निर्दोष आहेत, आणि तसंच म्हटलं पाहिजे. संशयापलीकडे पुरावा हवा ही अट आपल्याला आवडत्या आरोपीसाठी लागते आणि नावडत्यासाठी नको, असं होऊ शकत नाही. पण त्या खटल्यात पाच हजारांहून जास्त पीडितांना सहभागी म्हणून मान्यता मिळाली होती. त्यांच्यावर काहीच झालं नाही, असं अपील पीठाने म्हटलं नव्हतं. जे झालं त्याचा जबाब कुणाचा, एवढंच अनुत्तरित राहिलं. त्यातून घ्यायचा धडा कलम ढिलं करण्याचा नाही. धडा तपासाचा आहे. बलात्कार झाला हे सिद्ध करायला आपण पीडितेच्या शरीराचा, आठवणीचा आणि चारित्र्याचा कण न् कण तपासतो. टोळीत फोन कुणाकडे होता, बातमी वर कशी जायची, रसद कोण पुरवायचं, शिक्षा कोण द्यायचं, हे तितक्याच चिकाटीने आणि पहिल्या दिवसापासून तपासलं तर पाहिजे ते नाव शेवटी पुराव्यासकट हाती येतं.

आता या विषयातली सगळ्यांत जास्त खटकणारी गोष्ट. म्होरक्या पकडला जातो, तेव्हाही लैंगिक हिंसेचा आरोप बहुधा सगळ्यांत आधी गळतो. काँगोच्या इतुरी भागातला थॉमस लुबांगा २०१२मध्ये हेगच्या न्यायालयाचा पहिला दोषी ठरला, पण फक्त मुलांना सैनिक बनवल्याबद्दल. त्याच्या गटातल्या मुलींवर काय व्हायचं हे साक्षींत आलं, आरोपपत्रात आलंच नाही. पूर्व काँगोतल्या 'एफडीएलआर' या गटाचा अध्यक्ष जर्मनीत बसून फोनवरून गट चालवायचा. त्याच्यावर श्टुटगार्टमध्ये खटला चालला, २०१५मध्ये शिक्षाही झाली, पण लैंगिक हिंसेचे आरोप वाटेतच वगळले गेले. पीडितांची नावं जपायची आणि बचाव पक्षाला उलटतपासणीची संधीही द्यायची, हा मेळ न्यायालयाला घालता आला नाही.

इराकचं उदाहरण तर अधिक वेदनादायक आहे. ऑगस्ट २०१४मध्ये 'इस्लामिक स्टेट'ने सिंजारवर हल्ला करून सहा हजारांहून जास्त यझिदी लोकांना पळवलं. स्त्रियांचा आणि मुलींचा बाजार मांडला. इथे तर हुकूम शोधायची गरजही नव्हती, कारण गुलाम स्त्रियांशी कसं वागावं याची प्रश्नोत्तरांची पुस्तिका त्यांनी स्वतःच छापली होती. पण पकडलेल्यांवर इराकमध्ये खटले चालले ते मुख्यतः दहशतवादविरोधी कायद्याखाली. 'तू संघटनेत होतास का?' एवढा एकच प्रश्न. होतो म्हटलं की शिक्षा, काही वेळा फाशी. बहुतेक खटल्यांत यझिदी स्त्रीला न्यायालयात बोलावण्याची गरजच उरली नाही. आरोपी फासावर गेला तरी तिच्यावर काय केलं गेलं हे निकालपत्रात क्वचितच लिहिलं गेलं. त्या टोळीच्या एका माणसाला यझिदींच्या वंशसंहारासाठी पहिल्यांदा दोषी ठरवलं ते जर्मनीतल्या फ्रँकफुर्टच्या न्यायालयाने, नोव्हेंबर २०२१मध्ये.

कुणी विचारेल, शिक्षा झाली ना, मग गुन्ह्याचं नाव काय लावलं याने काय फरक पडतो? फार पडतो, आणि हे मराठी माणसाला भाषेवरूनच कळायला हवं. आपण पिढ्यान्‌पिढ्या 'अब्रू लुटली' म्हणत आलो. वर्तमानपत्रं आजही 'अत्याचार' लिहून पुढे जातात. कायद्याच्या मराठीत 'विनयभंग' आहे. या प्रत्येक शब्दात गुन्ह्याची जागा हलवलेली आहे. अब्रू लुटली म्हटलं की काहीतरी तिचं, तिच्या घराचं, तिच्या जातीचं गेलं. ज्याने ते केलं तो वाक्यातून निसटतो. आणि हे फक्त आपलं नाही. १९४९च्या चौथ्या जिनिव्हा कराराच्या २७व्या कलमातही स्त्रियांना बलात्कारापासून संरक्षण देताना तो त्यांच्या 'प्रतिष्ठे'वरचा हल्ला म्हणून सांगितला आहे. प्रतिष्ठा गेली की शरमेची मालकीण ती होते. टोळ्यांना हे नेमकं माहीत असतं. गावासमोर, नवऱ्यासमोर, सासऱ्यासमोर बलात्कार करतात तो याच हिशेबाने, की गावच पुढे तिला बाहेर काढेल आणि टोळीचं उरलेलं काम पूर्ण करेल. म्हणून गुन्ह्याला त्याच्या नावाने हाक मारणं हा शब्दांचा सोवळेपणा नाही. बलात्कार, लैंगिक गुलामी, लादलेलं लग्न, लादलेलं गर्भारपण हे शब्द निकालपत्रात लिहिले गेले, की शरम आपली जागा बदलते.

या बाबतीत बॉस्को न्तागांडा आणि डॉमिनिक ऑन्गवेन या दोन खटल्यांनी खरंच नवी वाट पाडली. न्तागांडा हा लुबांगाचाच साथीदार. लुबांगाच्या वेळी जे सुटलं ते इथे आरोपपत्रात आलं. गटाने बाहेरच्या स्त्रियांवर केलेले बलात्कार तर होतेच, शिवाय गटातल्याच पंधरा वर्षांखालच्या मुलींवर झालेले बलात्कार आणि लैंगिक गुलामीही होती. 'त्या आमच्याच सैनिक होत्या, युद्धाचा कायदा त्यांना कसा लागू?' हा बचाव न्यायालयाने फेटाळला. जुलै २०१९मध्ये १८ आरोपांवर तो दोषी ठरला, ३० वर्षं शिक्षा झाली, आणि मार्च २०२१मध्ये ती अपिलातही टिकली.

ऑन्गवेनचा खटला माझ्या मते आपल्या न्यायबुद्धीची सगळ्यांत कठीण परीक्षा घेतो. युगांडातल्या 'लॉर्ड्‌स रेझिस्टन्स आर्मी'ने त्याला शाळेच्या वाटेवरून पळवलं तेव्हा तो स्वतः लहान मूल होता. त्याच टोळीत तो वाढला, कमांडर झाला, आणि पळवून आणलेल्या मुली 'बायका' म्हणून वाटल्या जात होत्या तेव्हा वाटणाऱ्यांत होता. २०२१मध्ये त्याला ६१ गुन्ह्यांत दोषी ठरवलं गेलं. लादलेल्या गर्भारपणासाठी दोषी ठरलेला तो त्या न्यायालयातला पहिला आरोपी. जन्मठेपेऐवजी शिक्षा २५ वर्षांची झाली, आणि कमी शिक्षेमागे त्याचं हिरावलेलं बालपण होतं. मला हा तोल योग्य वाटतो. करुणेला जागा शिक्षेच्या मापात आहे, दोषाच्या निर्णयात नाही. त्याच्यावर जे झालं तेच त्या मुलींवरही झालं होतं, आणि त्यांनी कुणाला पळवलं नाही.

आता सगळ्यांत मोठा आक्षेप, आणि तो मी हलका मानत नाही. म्होरक्याला खटल्याची भीती दाखवली तर तो शस्त्र ठेवेल कशाला? शांतता हवी असेल तर माफी द्या. आज लढाई थांबली तर उद्याचे हजार बलात्कार थांबतील. युद्धात होरपळलेली माणसं स्वतः कधी कधी असं म्हणतात, आणि सुरक्षित खोलीत बसून त्यांना नीतीचे पाठ देण्याचा अधिकार कुणालाच नाही. पण या सौद्याचा इतिहास तपासायला हवा.

सिएरा लिओनमध्ये जुलै १९९९चा लोमे करार झाला. हात तोडणाऱ्या, मुली पळवणाऱ्या बंडखोरांना सरसकट माफी मिळाली, त्यांचा नेता फोदे सांको सत्तेत बसला, वर देशाच्या खनिजांचा कारभारही त्याच्याकडे आला. वर्ष पुरं व्हायच्या आत, मे २००० मध्ये, त्याच बंडखोरांनी शेकडो शांतिसैनिकांना ओलीस धरलं. काइलाहुनमध्ये दोनशेहून जास्त भारतीय जवान सुमारे अडीच महिने वेढ्यात अडकले, आणि जुलैत 'ऑपरेशन खुकरी' करून त्यांना सोडवावं लागलं. माफीने विकत घेतलेली शांतता किती टिकते, हे आपल्या सैनिकांनी तिथे अंगावर झेललं आहे. शेवटी विशेष न्यायालय नेमावंच लागलं, आणि त्याच न्यायालयाने लादलेलं लग्न हा मानवतेविरुद्धचा स्वतंत्र गुन्हा मानला.

काँगोत तीच चूक पुन्हा झाली. न्तागांडावर हेगचं वॉरंट २००६पासून होतं. तरी २००९मध्ये बंडखोरांना सैन्यात सामावून घेताना त्याला जनरल केलं गेलं, आणि तो गोमा शहरात उजळ माथ्याने वावरत राहिला. २३ मार्च २००९ला त्याच्या गटाशी करार झाला होता. तो पाळला गेला नाही असं म्हणत २०१२मध्ये त्याच्या साथीदारांनी पुन्हा बंड केलं आणि कराराच्या तारखेवरूनच नाव घेतलं: 'एम-२३'. जानेवारी २०२५मध्ये गोमा आणि फेब्रुवारीत बुकावू ज्या गटाने घेतलं, तो हाच एम-२३. त्या युद्धाला इतरही कारणं आहेत, शेजारच्या रवांडाचा हात आहे, खनिजं आहेत. पण जबाब न देता बढती मिळते, हा धडा त्या भागातल्या प्रत्येक टोळीने त्या वर्षी शिकून ठेवला.

दुसरी वाट आहे. कोलंबियाने २०१६च्या शांतता करारात फार्क बंडखोरांना राजकीय बंडाची माफी दिली, लैंगिक हिंसेची दिली नाही. खरं बोलून जबाबदारी घेणाऱ्यांना तुरुंगाऐवजी वेगळ्या स्वरूपाची शिक्षा, नाकारणाऱ्यांना तुरुंग, अशी रचना केली. सप्टेंबर २०२३मध्ये त्या विशेष न्यायव्यवस्थेने लिंगाधारित हिंसेचं स्वतंत्र प्रकरणही उघडलं. उशीर झाला हे खरं. पीडित स्त्रियांच्या संघटनांनी रेटा लावला नसता तर तेही झालं नसतं. पण लढाई थांबवणं आणि जबाब घेणं एकाच कागदावर लिहिता येतं, एवढं कोलंबियाने दाखवलं.

हे सगळं बंडखोरांबद्दल बोलताना एक गोष्ट राहून गेली तर हा लेख अप्रामाणिक ठरेल. बंडखोरांकडून जबाब मागण्याचा नैतिक अधिकार त्याच सरकारला, जे आपल्या सैन्याकडूनही तो मागतं. २०१२मध्ये काँगोच्या मिनोव्हा गावात सरकारी सैनिकांनी माघार घेताना शंभरावर स्त्रिया-मुलींवर बलात्कार केले. खटल्यात ३९ आरोपींपैकी बलात्कारासाठी दोषी ठरले दोन. आपल्याकडे न्यायमूर्ती वर्मा समितीने जानेवारी २०१३मध्ये स्पष्ट सांगितलं होतं की गणवेशातल्या माणसाने केलेल्या लैंगिक गुन्ह्याला सैन्याच्या विशेषाधिकार कायद्याच्या पूर्वपरवानगीचं कवच असू नये. त्या कायद्यात ती दुरुस्ती आजवर झालेली नाही.

आणि मणिपूर. ४ मे २०२३ रोजी जमावाने दोन कुकी स्त्रियांची नग्न धिंड काढली. १९ जुलैला चित्रफीत बाहेर आली आणि त्यानंतर पहिली अटक झाली. गुन्हा आधीच नोंदलेला होता. अडीच महिने उणीव होती ती फक्त बघणाऱ्या डोळ्यांची. शस्त्रागारं लुटून हत्यारबंद झालेल्या त्या राज्यात सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२३मध्ये तीन निवृत्त स्त्री न्यायाधीशांची समिती नेमली, तिच्यात मुंबई उच्च न्यायालयाच्या शालिनी फणसळकर-जोशी होत्या. तपासावर देखरेख करायला महाराष्ट्राचे माजी पोलिस महासंचालक दत्तात्रय पडसलगीकर यांना सांगितलं. म्हणजे हा प्रश्न आपल्यापासून हजारो मैल दूर नाही. तिथल्या प्रत्येक बाजूच्या सशस्त्र गटाला, आणि जमाव पुढे जाताना जे नुसते बघत उभे राहिले त्यांनाही, तोच प्रश्न लागू आहे. कुणी केलं, हा एक प्रश्न. कुणाच्या हुकमात होतं, हा दुसरा. दुसरा विचारला नाही, तर पहिल्याचं उत्तर चार पोरांवर येऊन थांबतं.

जबाबाला आणखी एक अंग आहे, भरपाईचं. काँगोतले डॉक्टर डेनिस मुक्वेगे आणि यझिदी तरुणी नादिया मुराद यांना २०१८चं शांततेचं नोबेल मिळालं. मुक्वेगे यांनी बुकावूच्या पान्झी रुग्णालयात १९९९पासून वर्षानुवर्षं फाटलेली शरीरं शिवली, आणि दोघंही एकच सांगत राहिले: शिक्षेबरोबर भरपाई हवी. इराकने २०२१मध्ये यझिदी पीडितांसाठी कायदा केला, काँगोने २०२२मध्ये आपल्याकडच्या पीडितांसाठी. ऑन्गवेनच्या खटल्यात फेब्रुवारी २०२४मध्ये ५ कोटी २० लाख युरोंहून जास्त भरपाईचा आदेश निघाला, तो पैसा त्याच्याकडे नसल्यामुळे पीडितांसाठीच्या निधीतून जमवावा लागणार आहे. पैशाने काही परत येत नाही. पण उपचार, मुलांची शाळा, शेतीचा तुकडा आणि 'हे तुमच्यावर झालं, तुमची चूक नव्हती' असं सरकारी शिक्क्याखाली लिहिलेलं वाक्य, यांच्याशिवाय न्याय त्या बाईच्या उंबऱ्यापर्यंत पोचत नाही.

लुवुंगीच्या रस्त्यावर मी पुन्हा येतो. तिथल्या बायकांनी आपला जबाब दिला. गावात तोंड वर करून जगायचं असताना, टोळ्या अजून जंगलात असताना, त्यांनी तो दिला. त्यांच्याकडे मागण्यासारखं आता काही उरलेलं नाही. यापुढे कुठल्याही संघर्षाची बातमी आपण वाचू, तेव्हा आकड्याच्या पुढे जाऊन एक गोष्ट शोधायची सवय आपण लावून घेतली पाहिजे: त्या दिवशी त्या रस्त्यावर हुकूम कुणाचा चालत होता? बातमीत ते नाव नसेल तर ती बातमी अपुरी आहे, आरोपपत्रात नसेल तर तपास अपुरा आहे, आणि तहाच्या कागदावर त्या नावापुढे सही असून जबाबाचं कलम नसेल, तर पुढच्या गावातल्या बायकांचे जबाब लिहायला कोरे कागद आजच काढून ठेवावे लागतील.